लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली, जागा सुटत नाही. वकील कोणता करावा? (मदत हवी आहे)

उंबरठा:
जाणकारांचा सल्ला हवा आहे. मुंबई उपनगरातला राहता फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे. 36 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार त्यांनीच केला होता आणि तो नोंदणीकृत आहे. मुदतीच्या मध्येच वडील वारले, आता मुदतही संपली. आई, बहीण आणि मी असे तीन वारस. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव लागलं आहे. राहणारे गृहस्थ "आम्ही भाडेकरू आहोत, कोर्टात जा" म्हणतात आणि दरमहा जुनीच रक्कम आईच्या खात्यात भरतात. दिवाणी वकील गाठावा की निव्वळ प्रॉपर्टीचं काम करणारा? फी कशी ठरवावी? पहिल्या भेटीला काय न्यावं?

मुद्रांक:
आधी दाद कुठे मागायची ते ठरू द्या, वकील त्यावरून ठरेल.

राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदतीनंतर अडवून ठेवली, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा असतो. दिवाणी कोर्टाचं ते काम नाही, कलम 47 तशी आडकाठी घालतं. तरी काही वकील हात बसलेल्या कोर्टातच दावा लावतात आणि मग अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर सगळं पहिल्यापासून. म्हणून "प्रॉपर्टीचे तज्ज्ञ" ही पाटी बघून जाऊ नका. सक्षम प्राधिकाऱ्यासमोर नेहमी उभा राहणारा माणूस शोधा.

तुमची बाजू भक्कम आहे ती नोंदणीमुळे. लेखी करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो, त्यामुळे "आम्ही भाडेकरू" हे नुसत्या तोंडी सांगण्याने भागत नाही. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मिळवायची असते. नाही मिळवली, तर तुमचं म्हणणं मान्य असल्याचं धरतात. शिवाय मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. अर्जात ही मागणी स्पष्ट लिहून घ्या. निकालावर अपील नाही, 90 दिवसांत पुनरीक्षण अर्ज (रिव्हिजन, म्हणजे आदेश तपासून पाहण्याची विनंती) करता येतो.

हाच करार नोंदणीविना असता तर कलम 55 मुळे अटींबाबत समोरच्याचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं गेलं असतं आणि ते खोडण्याचा भार तुमच्यावर आला असता. दुकान-गाळ्याच्या लायसन्सला किंवा पागडीच्या खोलीला हा रस्ता लागू नाही. मुंबईत त्यासाठी लघुवाद न्यायालय, आणि तिथला वकीलवर्ग वेगळा.

वडिलांचा मुद्दा: कलम 24 मधल्या "मालक" या शब्दात मृत्यूमुळे मालक झालेला वारस येतो. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. अर्ज तिघांच्या नावाने करा. एकट्या आईच्या नावाने केलात, तर पहिला आक्षेप त्यावरच येईल.

जुना कारकून:
वकिलाला तीन गोष्टी थेट विचारा. कलम 24 चे किती अर्ज चालवले? त्यांतले दोन-तीन क्रमांक देता का? तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनिअर? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जाऊ नका. ज्युनिअर वाईट असतो असं नाही, पण मुद्दे माहीत नसलेला माणूस फक्त पुढची तारीख घेऊन येतो.

"महिन्याभरात खाली करून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मिळालेल्या रकमेत टक्का मागणाऱ्यापासूनही. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे.

फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या: नोटीस, अर्जाचा मसुदा व दाखल करणं, सुनावण्या, पुनरीक्षण झालं तर ते, आणि आदेशानंतर प्रत्यक्ष ताबा घेणं. शेवटचा टप्पा लोक हटकून विसरतात. आदेश हातात पडतो, कुलूप मात्र तसंच, आणि तिथे नवी फी सुरू होते. टायपिंग, नोटरी, प्रमाणित प्रती हे फीत धरलंय की वेगळं, तेही विचारा.

पहिल्या भेटीला नोंदणीकृत करार, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्यू दाखला, वारसांची माहिती आणि मुदत संपल्यानंतरचे बँक स्टेटमेंट न्या. वर एका पानावर तारीखवार घटना लिहा. मूळ कागद देऊ नका, आणि द्यावेच लागले तर यादीवर पोच घ्या. वकीलपत्र वाचून सही करा. कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर सही कधीच नाही.

पटलं नाही तर वकील बदलता येतो, आधीच्याची ना हरकत मागायची. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केलं आहे.

उंबरठा:
दोघांचे आभार. आईच्या खात्यात येणारे पैसे परत पाठवावेत का? बहीण परदेशात आहे, तिच्या सहीचं काय? आणि सोसायटीतले काहीजण "लाईट तोडा, आपोआप जातील" म्हणताहेत.

मुद्रांक:
लाईटला हात लावू नका. स्वतःला भाडेकरू म्हणवणाऱ्याला कलम 29 खाली तक्रारीचं आयतं हत्यार मिळतं आणि तुमचं सरळ प्रकरण वाकडं होतं.

पैसे परत पाठवायची गरज नाही, पण गप्पही बसू नका, नाहीतर "करार तोंडी वाढवला" हा बचाव उभा राहतो. वकिलाच्या नोटिशीत लिहून घ्या: मुदतीनंतरची प्रत्येक रक्कम नुकसानभरपाईपोटी, हक्क अबाधित ठेवून घेतली आहे, करार वाढवलेला नाही. त्याच नोटिशीत डिपॉझिटचाही उल्लेख हवा: ताबा मिळताच वजावट करून उरलेली रक्कम परत देऊ. "डिपॉझिट दिलं नाही म्हणून थांबलो" ही सबब तिथेच संपते. नोटीस पोचपावतीसह पाठवा आणि ट्रॅकिंगचा छापील कागद फाईलला लावा.

बहिणीने तिथल्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) पाठवावं. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्या. कुलमुखत्यार तिच्या वतीने अर्ज करू शकतो, पण तिच्या वैयक्तिक माहितीतल्या गोष्टींची साक्ष देऊ शकत नाही. म्हणून कराराच्या वेळी हजर असलेल्या आईचंच प्रतिज्ञापत्र पुढे ठेवा.