पोटाच्या इमेजिंगमध्ये शिकवत राहू, की निपाणीचं सेंटर धरू?

खानापूरकर
रेडिओलॉजी एम.डी.चं शेवटचं वर्ष चालू आहे. गाइड म्हणतात, पोटाचे सीटी तू चांगले वाचतोस, सीनियर रेसिडेंट म्हणून इथंच थांब. निपाणीच्या एका स्कॅन सेंटरनं मात्र कॉलेजच्या दुपटीहून जास्त पगार सांगितलाय. घरी भातशेती, शिक्षणाचं कर्ज, बहिणीचं इंजिनिअरिंग. आई विचारते, "आणि किती वर्षं शिकायचं रे?" कॉलेजात राहिलेल्या कुणी मोकळेपणानं सांगाल का, वीस वर्षांनी हाती काय लागतं?

सोनोवाला, चिकोडी
आधी कर्ज फेडा. मी सेंटरवर नऊ वर्षं काढली, घर बांधलं, पोरांची शिक्षणं झाली. एकच गोष्ट खुपते. रिपोर्ट हातात पडला की पेशंट मिरजेला नाहीतर कोल्हापूरला जातो. पुढं ऑपरेशनमध्ये काय निघालं, मी लिहिलेलं बरोबर होतं का, हे मला कधीच कळत नाही.

जुना मास्तर, बेळगाव
सोनोवाल्या डॉक्टरांनी जे खुपतं म्हणून सांगितलं, त्याच्याचसाठी मी कॉलेजात राहिलो.

दुसऱ्या वर्षाला होतो. अथणीकडचा एक मेंढपाळ उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणून आला. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये पाण्यानं भरलेली गाठ दिसली. मी लिहिलं, साधी सिस्ट. रांगेत तीस माणसं होती, त्याला कूस बदलायला सांगितलं नाही. कूस बदलली असती तर तळाला बसलेले वाळूसारखे कण हललेले दिसले असते. भिंतीला दोन रेघा होत्या, त्याही मी नीट बघितल्या नाहीत. धंदा काय, घरी कुत्री किती, हे तर विचारलंच नाही. चार दिवसांनी सर्जननी मला थिएटरमध्ये बोलावून घेतलं. ट्रेमध्ये पांढरा पापुद्रा होता, उकडलेल्या अंड्याच्या कवचाखाली असतो तसा. हायडॅटिड. कुत्र्याच्या विष्ठेतून एका फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात जातात आणि लिव्हरमध्ये ही गाठ वाढत राहते. आधी ठाऊक असतं तर अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध सुरू करून मगच हात घातला असता. गाठ फुटून पाणी पोटात सांडलं तर अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अॅलर्जी, होऊ शकतो, शिवाय ठिकठिकाणी नवीन गाठी रुजतात. सर्जननी वेळेत ओळखलं, खाऱ्या पाण्याचे मॉप लावून भोवतालचं पोट झाकलं. माणूस वाचला. मला रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "हात लावून बघ."

त्या रात्री मी एक वही केली. केस नंबर, माझं निदान, ऑपरेशनमध्ये काय निघालं, बायोप्सी काय आली. आता अकरावी वही चालू आहे.

सगळ्यात जास्त खाडाखोड लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं त्या जागेची आहे. टीबी का क्रोन्स, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार? वर ओढला गेलेला सीकम (मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक), मध्यभागी काळ्या दिसणाऱ्या लिम्फच्या गाठी दिसल्या की मी टीबीकडं झुकतो. मधला भाग सोडून जागोजागी जाड झालेलं आतडं, कंगव्याच्या दातांसारख्या फुगलेल्या शिरा दिसल्या की क्रोन्सकडं. तरी चुकतो. आपल्याकडं टीबी इतका की क्रोन्सच्या पेशंटलाही सहा महिने टीबीची औषधं मिळून जातात. उलट, टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो. ह्या गोष्टी मी वहीतून शिकलो, आणि शिकवतोही वहीतूनच.

पायऱ्यांचं थोडक्यात सांगतो. एम.डी.नंतर एक वर्ष सीनियर रेसिडेंट, मग असिस्टंट प्रोफेसर, चार वर्षांनी आणि पेपर छापून आले तर असोसिएट. पैसे कमीच मिळतात, खोटं सांगणार नाही. माझ्या बायकोच्या पगारानं आम्हाला सावरलं.

सीटी टेक्निशियन, गोकाक
सरांच्याच एका विद्यार्थ्याबरोबर मी काम करतो, म्हणून लिहितो. लिव्हरच्या ट्रायफेजिकला, म्हणजे शिरेतून औषध सोडून टप्प्याटप्प्यानं काढलेल्या सीटीला, आर्टरीची फेज औषध सोडल्यावर साधारण 35 सेकंदांना, पोर्टल शिरेची 70 ला. 35 ला पेशंटनं श्वास सोडला तर लहान ट्यूमर हातचा जातो. हे डॉक्टर कन्सोलवर स्वतः येऊन बसतात. पेशंट मराठी असला तर "श्वास रोखा", कन्नड असला तर "उसिरु हिडीरी", आणि दोनदा सराव करून घेतात मगच इंजेक्टर सुरू. सेंटरवर एवढा वेळ कुणी देत नाही.

खानापूरकर
मास्तर, मेंढपाळाचं वाचून माझीच मागच्या महिन्यातली एक सिस्ट आठवली. उद्या सकाळी रेकॉर्ड रूममधून फिल्म काढतोय. कर्जाचं मात्र अजून सुटत नाही. सीनियर रेसिडेंटचं एक वर्ष करून मग निपाणी धरली तर?

जुना मास्तर, बेळगाव
चालेल की. ते वर्ष वाया जात नाही. निपाणीला गेलात तरी पेशंटचा फोन नंबर टिपून ठेवा, महिन्यानं विचारा काय निघालं म्हणून. चिकोडीच्या डॉक्टरांनाही हेच सांगेन, मिरजेच्या सर्जनना फोन केला तर बहुतेकजण आनंदानं सांगतात.

आणि ती सिस्ट भिंतीच्या दोन रेघांसाठी बघा. शंका वाटली तर पेशंटला परत बोलवा, वाट बघू नका. गुरुवारी दुपारी 3 ला सर्जरी आणि पॅथॉलॉजीबरोबर आमची बैठक असते. फिल्म घेऊन या.