स्फटिकाची जपमाळ मेरूजवळच का तुटते?

रंकाळाकाठ
८ मि.मी. स्फटिकाचे १०८ मणी आणि १० मि.मी.चा मेरू (माळेची दोन टोकं जुळतात तो मोठा मणी) अशी माळ घरीच ओवली आहे. दोरा शिवणाचा, दुहेरी. मण्यांच्या मध्ये गाठी नाहीत. रोज तीन माळा जप, बाकी वेळ माळ देवघरात खिळ्याला. दोन महिन्यांत दोनदा तुटली, दोन्ही वेळा मेरूपाशी. दोरा कुठला घ्यावा? आणि मणी खरे स्फटिकाचे की काचेचे, हे घरी कळतं का?

मणीगाठ
भावा, सगळं खापर दोऱ्यावर फोडू नकोस. आधी वजन बघ. ८ मि.मी.चा स्फटिकाचा एक मणी साधारण ०.७ ग्रॅम, म्हणजे १०८ मण्यांचे पाऊणशे ग्रॅम. माळ खिळ्याला गोंड्याकडून अडकवली की हे सगळं वजन मेरूतल्या दोन दोऱ्यांवर येतं. वर मेरूचं भोक. तीन वेजांचा (भोकांचा) मेरू असेल तर दोन बाजूंनी दोरे आत येतात आणि काटकोनात वळून एकाच वेजातून बाहेर पडतात. त्या वळणावर दगडाची कड धारदार राहिली असली की जपाच्या प्रत्येक फेरीत दोरा तिथे कातरला जातो.

तपासायला सुईच्या टोकाला कापूस गुंडाळून वेजात फिरव. तंतू अडकला तर कड फुटलेली आहे. हिऱ्याची कणी बसवलेली बारीक गोल कानस मिळते, ती हाताने चार-पाच वेळा फिरवली की कड मोडते. पण मणी वाटीतल्या पाण्यात बुडवूनच. कोरडं घासलं तर धूळ उडते, आणि स्फटिकाची धूळ फुप्फुसाला वाईट. गुजरातेतल्या खंभातच्या अकीक (एक रंगीत दगड) घासणाऱ्या कारागिरांना अशाच धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. फडक्यावर भागवू नकोस, N95 मास्क लाव.

मधल्या गाठी नसणं ही दुसरी चूक. मण्यावर मणी आपटून वेजाच्या कडेचे टवके उडतात आणि तेच पुढे दोरा कापतात. शिवाय तुटली की सगळी माळ घरभर.

गोंडा_आणि_मेरू
गाठी मारायच्या तर हे माप धरा. १०८ मणी गुणिले ८ मि.मी. म्हणजे ८६ सें.मी. त्यात १०९ गाठी, प्रत्येकी दीड मि.मी. धरल्या तर आणखी १६. माळ साधारण १ मीटर २ सें.मी. भरते. पण एक गाठ ७-८ मि.मी. दोरा खाते, त्यामुळे एकेरी दोरा किमान अडीच मीटर घ्या, दुहेरीला पाच. आखूड पडला तर शंभराव्या मण्याला कळतं, आणि मध्ये जोड दिलेला दोरा वेजातून जात नाही.

दोरा वेजात दाटून बसला पाहिजे. १ मि.मी.च्या वेजाला ०.८ चा. बारीक घेतला तर गाठच वेजात शिरते आणि मणी सरकतात. रेशीम घेतलं तर ओवण्याआधी खाली कुलूप बांधून रात्रभर टांगून ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांत ताणून माळ ढिली पडते आणि गाठींमधून दोरा उघडा दिसतो. टोकाला दोन इंच फेविक्विक लावून वाळवा आणि तिरकं कापा, सुई लागणार नाही.

गाठ मारताना फास सैल ठेवा, त्यात दाभणाचं टोक घाला, फास मण्यापर्यंत सरकवा, मगच दाभण काढून आवळा. नुसत्या बोटाने मारली तर गाठ दोन मि.मी. अलीकडेच बसते, आणि एकदा बसली की सुटत नाही.

मोजणी परातीत टॉवेल अंथरून करा, नऊ-नऊच्या बारा ओळी. आणखी एक, दुकानात सर घेताना लोक फसतात. १५ इंची सरात ८ मि.मी.चे ४७-४८ मणीच असतात. दोन सरांत माळ होत नाही, तीन घ्या. उरलेल्यांतून टवका उडालेले बाद करायला हात मोकळा राहतो.

सोवळंओवळं
नायलॉन जपाला चालतो का, हा वाद संपणार नाही. ज्यांना नको त्यांनी रेशीम किंवा सूत वापरावं, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओलं सूत कुजतं आणि तेला-अत्तराने काळं पडतं, तेव्हा वर्षाकाठी ओवणं बदलायची तयारी ठेवावी. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, पटवेगाराकडे (दागिने ओवणाऱ्याकडे) हे सगळे दोरे मिळतील, मणी नेऊन दाखवला की जाडीही तोच ठरवून देतो.

माळेला पंचामृताचा संस्कार करायचा असेल तर शक्यतो सुट्या मण्यांवर करा, मग कोमट पाण्याने धुवून ओवा. गाठीत दूध-दही राहिलं की वास मारतं. स्फटिकाला दह्याने काही होत नाही, पण मोती आणि पोवळं आम्लाने झिजतात, त्यांना लिंबू-दही लावू नका. जांभळा अमेथिस्ट खिडकीत उन्हात ठेवू नका, रंग उतरतो.

मणीगाठ
काचेचं राहिलंच. गालाला लावून गार लागतो का, हे बघतात, पण थंडीत काचही गार लागते. भिंगातून बघ, गोल बुडबुडा दिसला तर काच. खरी परीक्षा लॅपटॉपवर. स्क्रीन पूर्ण पांढरा कर, पोलराइज्ड गॉगल समोर धरून स्क्रीन काळा होईपर्यंत फिरव, मग मणी दोघांच्या मध्ये धरून हळूहळू वळव. स्फटिक एखाद्या कोनात उजळतो, रंगीत पट्टेही दिसतात. काच काळीच राहते, फार तर पुसट डाग. मण्याखाली केस ठेवून तो दुहेरी दिसतो का, ही परीक्षा ८ मि.मी.च्या मण्याला जमत नाही. दोन प्रतिमांमधलं अंतर केसाच्या जाडीएवढंही नसतं.

रंकाळाकाठ
कापूस फिरवला, मेरूत आणि सात मण्यांत तंतू अडकला. गॉगलने मणी उजळले, म्हणजे काच नाही.

गोंडा_आणि_मेरू
सात मणी बदला, कानसत बसू नका. मेरूची कड मात्र घासा, नाही जमली तर सरळ वेजाचा मेरू घ्या आणि दोन्ही टोकं एकत्र आत घाला. त्याला दीड मि.मी.चं वेज लागतं, विकत घेतानाच दोरा घालून बघा. आणि माळ खिळ्याऐवजी गोमुखीत (जपाच्या पिशवीत) ठेवा.