शातानतांगो: सात तासांचा शो इंदूरात कसा लावावा?

राजवाडा_रसिक
मंडळी, दिग्दर्शक बेला तारचा 'शातानतांगो' (१९९४) हा चित्रपट इथे चाळीसेक जणांना दाखवायचा आहे. ४३९ मिनिटं, हंगेरियन, कृष्णधवल. प्रोजेक्टर आहे, हॉलही मिळालाय. मध्यंतर कुठे घ्यावं? दोन दिवसांत विभागला तर चालेल का? आणि सुरुवातीला कम्युनिझमनंतरच्या खेड्यांबद्दल किती बोलावं?

निमाडकर
दोन दिवस अजिबात नको. बारा प्रकरणं आहेत, टँगो नाचातल्या पावलांसारखी सहा पुढे, सहा मागे. मध्यंतर तिसऱ्यानंतर आणि सहाव्यानंतर घ्या. रात्री गुत्त्याबाहेर डॉक्टर आणि लहान मुलगी समोरासमोर येतात, ते तिसऱ्यात डॉक्टरच्या बाजूने दिसतं, पाचव्यात मुलीच्या. ती खिडकीतून बघते तो नाच सहाव्यात आतून येतो. त्यामुळे चार ते सहा सलगच हवीत, मध्ये चहा आला की धागा तुटला. सकाळी ११ ला सुरू करा. पहिला ब्रेक अर्ध्या तासाचा, दुसरा जेवणाचा एक तास, म्हणजे पावणेआठच्या सुमारास संपेल. पाचव्यात मांजरीचा छळ आहे, तो फार अंगावर येतो. आधी सांगून ठेवा, लहान मुलं आणू नका.

काळोख_पांढरा
सबटायटल फाईल आधी तपासा. प्रत सेकंदाला २४ फ्रेमची आणि फाईल २५ ची असली तर तासाला सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो, शेवटी तो सतरा मिनिटांवर जातो. सुरुवात नीट जुळते म्हणून कळत नाही. तिन्ही भागांच्या सुरुवातीला आणि अगदी शेवटी एकेक संवाद ताडून बघा. फ्रेम १.६६ ची (रुंदी उंचीच्या १.६६ पट) आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, ताणू नका. प्रोजेक्टरचा 'डायनॅमिक' मोड आणि मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद. सुरुवातीचा गाईंचा शॉट, जवळजवळ आठ मिनिटांचा, हीच उत्तम चाचणी: चिखल आणि भिंतींचे करडे वेगवेगळे दिसले पाहिजेत. सगळं एकच राखाडी दिसलं तर हॉलमध्ये उजेड शिरतोय, खिडक्यांना काळं कापड लावा. डिस्क विकत घेतली म्हणजे जाहीर प्रदर्शनाचा परवाना मिळत नाही, तो वेगळा काढा.

निमाडकर
बोलण्याचं राहिलं. पाच मिनिटं पुरेत. मोडलेली सामुदायिक शेती, वर्षभराच्या पैशांची वाटणी, आणि मेला म्हणून सोडून दिलेला इरिमियाश परत येतोय ही बातमी. एवढंच. 'कम्युनिझमनंतरचं' हे मात्र जपून म्हणा. लास्लो क्रास्नाहोरकाईंची मूळ कादंबरी १९८५ ची आहे, सत्ता बदलली १९८९ मध्ये. कुजणं आधीच सुरू होतं, म्हणून तर इरिमियाशच्या भाषणाला माणसं इतक्या सहज भुलतात. ते भाषण सातव्यात आहे, जेवणानंतर लगेच, तेव्हा दारं वेळेवर बंद करा.