हळकुंडातलं करक्युमिन टिकवायचं कसं?

प्रश्न (वसमत): सेलम जातीची हळद शिजवली, वाळवली. दळून महिनाभर काचेच्या बरणीत खिडकीत होती, आता पूड फिकट दिसते. औषधी गुण गेला का?

उत्तर १: दादा, खिडकीच नडली. करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा औषधी घटक, उजेडात तुटतं. पूड घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, अंधारात ठेवा. पुढच्या वेळी हळकुंडं पाऊण ते एक तास शिजवा. फेस आला, वास सुटला, काडी सहज घुसली की उतरवा. जास्त शिजली तर रंग बिघडतो.

उत्तर २: हळद नुसत्या पाण्यात घेऊ नका, करक्युमिन त्यात विरघळतच नाही. दूध-तूप आणि चिमूटभर मिरपूड. मिऱ्यातल्या पिपेरिनमुळे यकृत करक्युमिन लगेच बाहेर टाकत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर करक्युमिनची कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच.

उत्तर ३: शिजवताना सोडा, चुना नको. हळद लाल होते. कुंकवाला ठीक, औषधाला नाही.