मदत हवी आहे: मुलगा लिहायला बसतच नाही, शनिवारी शाळेत बोलावलंय

केतकी_न | बुधवार, रात्री ११.१०

सरळ मुद्द्यावर येते. मुलगा लिहायला बसत नाही. डायरीत रोज लाल शेरा, 'काम अपूर्ण'. शनिवारी शाळेत बोलावलंय आणि फोनवर आधीच सांगून टाकलंय की याला अजून एक वर्ष याच वर्गात ठेवायचा विचार करा. घरी वही काढली की पाच मिनिटांत उठतो आणि वाट्या, गाळणं घेऊन मोरीत नळाखाली जातो. प्रश्न मात्र दिवसभर चालू. काल विचारत होता, पाणी वाटीत गोल आणि डब्यात चौकोनी कसं होतं? म्हणजे डोकं चालत नाही अशातला भाग नाही. सगळे उपाय करून झालेत. शनिवारपर्यंत काय करता येईल तेवढं सांगा. मोठी व्याख्यानं नकोत प्लीज, खरंच वेळ नाहीये.

सह्यवारा | बुधवार, रात्री ११.२५

वय? इयत्ता? माध्यम? 'सगळे उपाय' म्हणजे नक्की कोणते?

अनंत_गो | गुरुवार, सकाळी ६.४०

आमचे वडील संध्याकाळी दिवा लावला की पाटी घेऊन समोर बसवायचे. बाराखडी पूर्ण झाल्याशिवाय पानावर बसता येत नसे. चारही भावंडांचं अक्षर आजही मोत्यासारखं आहे. ताई, सवय लावावी लागते, ती आपोआप लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास. नळ बंद.

रेवा८ | गुरुवार, सकाळी ८.०५

काका, अर्धा तास कुणाला? मूल चार वर्षांचं आहे की आठ, हेच अजून कळलेलं नाही.

गणिताची_मावशी | गुरुवार, सकाळी ९.३०

अबॅकस लावा. माझी भाची एका जागी बसायचीच नाही, सहा महिन्यांत एकाग्रता वाढली. पत्ता हवा असेल तर मला निरोप टाका.

तुषार_डोंबिवली | गुरुवार, सकाळी १०.१५

मोबाईल पूर्ण बंद करा. आम्ही केला. पहिले चार दिवस रडारड झाली, पाचव्या दिवशी मुलगी चित्रं काढायला लागली. रात्री चार्जिंगला लावतानाही तिच्या नजरेसमोर लावत नाही.

केतकी_न | गुरुवार, दुपारी १.४०

मोबाईलचा प्रश्नच नाहीये, तो बघतच नाही. सीनियर केजी, इंग्रजी माध्यम, मराठी विषय आहे. नाशिक. २६ डिसेंबरला पाच पूर्ण झाली. उपाय म्हणजे चांदण्या चिकटवल्या, गोष्ट सांगेन म्हटलं, रागावले, एकदा मारलंही. त्याचं अजून वाईट वाटतंय. अबॅकस नको, प्रश्न लिहिण्याचा आहे.

मायबोली_मायभूमी | गुरुवार, दुपारी २.२०

मूळ दुखणं इथेच आहे. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी. पोराला दोन लिप्या एकदम दिल्यात. मराठी शाळेत घाला, प्रश्न सुटेल.

रेवा८ | गुरुवार, दुपारी २.५०

माध्यमावर दुसरे धागे आहेत, तिथे बोलू. त्यांना परवा शाळेत जायचंय. केतकी, तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सहज सांगून गेलात. २६ डिसेंबर! आपल्याकडे प्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला मोजतात. म्हणजे तुमचा मुलगा वर्गात जवळजवळ सगळ्यात लहान. त्याच्या बाकावर गेल्या जानेवारीत पाच पूर्ण केलेलं मूल असेल, तर ते अकरा महिन्यांनी मोठं. पाच वर्षांच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे केवढा फरक! माझी मुलगी नोव्हेंबरची. सीनियर केजीत तिला सगळेच मागे म्हणायचे, आता तिसरीत आहे आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शाळेला आधी वय दाखवा.

सह्यवारा | गुरुवार, दुपारी ३.१०

आणि मुळात शाळा थांबवू शकते का? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवी आणि आठवी सोडली तर मुलाला मागे ठेवता येत नाही.

विधी_पुणे | गुरुवार, दुपारी ४.००

तो कायदा ६ ते १४ वयोगटाचा. वर्गात न थांबवण्याची तरतूद बालवाडीला लागत नाही, त्यामुळे तो मुद्दा घेऊन भांडू नका. २०२० चं शैक्षणिक धोरण दाखवा. त्यात ३ ते ८ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा धरलाय, तीन वर्षं बालवाडी आणि पहिली-दुसरी. खेळातून शिकणं हाच त्याचा गाभा आहे. पाच वर्षांच्या मुलाला लिखाण कमी म्हणून थांबवणं त्यात कुठेच बसत नाही.

अनंत_गो | गुरुवार, संध्याकाळी ६.१५

खेळ, खेळ! खेळून अक्षर येतं का कुणाला? कुणीतरी शिकवावंच लागतं.

फळा_खडू | गुरुवार, रात्री ९.३०

जिल्हा परिषद शाळेत सतरा वर्षं पहिली-दुसरीला शिकवतो. अनंतकाकांचं अर्धं म्हणणं मला पटतं. पाणी भांड्याचा आकार घेतं हे मूल नळाखाली स्वतः शोधून काढतं. पण या आकाराला 'क' म्हणायचं हे माणसांनी आपापसात ठरवलेलं आहे. ते कितीही जिज्ञासू मुलाला आतून सुचणार नाही, कुणीतरी सांगावंच लागतं. फक्त सांगण्याआधी हात तयार असावा लागतो. मनगटाची आठ हाडं जन्मतः नुसती कूर्चा असते, ती पुढे कित्येक वर्षं टणक होत राहतात. बोटांची पकड साधारण चार ते सहा या वयात बसते. हात थकला की मूल उठतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही.

पूर्वी धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायला लावत, मग चिंचोके मांडून, मग पाटी. त्याला अर्थ होता. 'गमभन' हा क्रमही आकाराच्या नात्याने लावलेला आहे, एक वळण आलं की पुढचं सोपं जातं. वर्णमालेच्या क्रमाने गेलात तर पहिलंच अक्षर 'अ', म्हणजे लिहायला सगळ्यात अवघड.

तुम्ही त्याला रांगोळी दिली आहे का कधी? रांगोळीची चिमूट आणि पेन्सिलची पकड, तीच तीन बोटं. सध्या मटार आहेत, सोलाणे आहेत, ते सोलायला द्या. कणीक मळू द्या. वही चार दिवस बाजूला राहिली तर काही बिघडत नाही.

आणि त्याच्या वहीचा फोटो टाका. पेन्सिल कशी धरतो तेही सांगा.

चिंचगूळ | गुरुवार, रात्री १०.००

अवांतर: सोलाणे म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे सोलाण्याच्या आमटीला दाणे आधी तव्यावर भाजून भरडसर वाटतात. कुणी न भाजता करतं का?

कुरणवाट | गुरुवार, रात्री १०.२०

न भाजता हिरवट वास राहतो. भाजाच.

मूळ विषयावर येते. माझी आत्या पालघर जिल्ह्यात अंगणवाडीत होती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे काम कोसबाडला गेलं. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून खडे, बिया, पानं, शिंपले गोळा केले. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा अनुताईंनी शाळाच कुरणात नेली. एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची. अंगणवाडी हा शब्द त्याच्या कितीतरी आधी या मंडळींच्या कामात रुळला होता. आत्याकडे येणारी मुलं बियांच्या रांगा लावत मोजायची. 'दहा' कुणी घोकून घेतले नाहीत, दहा बिया संपल्या की कळायचं. केतकीताई, तुमचा मुलगा मोरीत जे करतोय ते काम आहे. त्याला तिथून ओढून काढू नका.

केतकी_न | शुक्रवार, सकाळी ७.५०

वाचून बरं वाटलं, पण शाळेत 'मोरीत काम करतो' असं सांगू का? त्यांना वहीत काहीतरी हवंय.

रेवा८ | शुक्रवार, सकाळी ८.३०

त्याला पाणी आवडतं तर एक करून बघा. दोन सारखे पेले, दोन्हींत सारखं पाणी. त्याच्याकडूनच सारखं करून घ्या. मग त्याच्यासमोर एका पेल्यातलं अरुंद उंच बरणीत ओता आणि विचारा, कशात जास्त? प्याजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आहे. उत्तर चुकलं तरी सुधारू नका.

केतकी_न | शुक्रवार, दुपारी १२.४५

केलं. म्हणाला बरणीत जास्त, "बघ ना, वरपर्यंत आलं." मी काही बोलले नाही. मग त्यानेच बरणीतलं परत पेल्यात ओतलं आणि गप्प बसला. पुन्हा बरणीत, पुन्हा पेल्यात. अकरा वेळा ओतलं, मी मोजलं. वीस मिनिटं! वहीसमोर पाच मिनिटं न बसणारा मुलगा.

मग विचारलं, आई, ते वर गेलं तर कमी कुठून झालं? मला उत्तर देता आलं नाही.

रेवा८ | शुक्रवार, दुपारी १.००

देऊ नका. बहुतेक मुलं साधारण सातव्या वर्षापर्यंत तिथे आपली आपण पोचतात. हा प्रश्न त्याला पडला, एवढं पुरे आहे. शनिवारी हे जसंच्या तसं टीचरना सांगा.

फळा_खडू | शुक्रवार, दुपारी ३.१५

ताई, पकडीचं राहिलं. फोटो?

केतकी_न | शुक्रवार, दुपारी ४.०५

फोटो टाकता येत नाहीये. पकड नीट आहे, तीन बोटांत धरतो. फक्त दाबून लिहितो, कागद फाटतो. काही अक्षरं उलटी काढतो. आधी डाव्या हाताने धरायचा, पण जूनमध्येच टीचर आणि सासूबाई दोघींनी उजव्याची सवय लावली, त्यामुळे तो प्रश्न आता नाही.

फळा_खडू | शुक्रवार, दुपारी ४.०९

तोच प्रश्न आहे.

जेवताना चमचा कुठल्या हातात? चेंडू कुठल्या हाताने फेकतो? नळ कुठल्या हाताने उघडतो?

केतकी_न | शुक्रवार, दुपारी ४.३०

डाव्या. तिन्ही. चमच्यावरून रोज बोलणी खातो. हे आधी लिहायचं सुचलंच नाही, मला वाटलं ते संपलंय.

विधी_पुणे | शुक्रवार, दुपारी ४.४५

मी डावखुरी आहे. दुसरीपर्यंत माझ्या डाव्या हातावर पट्टी बसायची. उजव्याने लिहिताना खांदा भरून यायचा, आणि सगळ्यांना वाटायचं मला लिहायचा कंटाळा आहे. तिसरीत नवीन बाई आल्या, त्या म्हणाल्या, ज्या हाताने येतं त्या हाताने लिही. आज त्याच हाताने रोज लिहिते. तुमच्या मुलाला आजच सांगा की डावा हात चालेल. उद्यापर्यंत थांबू नका.

अनंत_गो | शुक्रवार, संध्याकाळी ५.३०

प्रसाद आणि जेवण उजव्या हाताने ही आपली रीत आहे. घरच्या मोठ्यांचं काय चुकलं? सवय लागते हळूहळू.

विधी_पुणे | शुक्रवार, संध्याकाळी ५.५०

काका, प्रसाद मी आजही उजव्या हातावरच घेते. त्याला बोटांचं कौशल्य लागत नाही. लिहायला लागतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर घरातही कुणाचं मन मोडत नाही.

अनंत_गो | शुक्रवार, संध्याकाळी ६.४०

हे पटलं. माझा धाकटा भाऊ डावा होता. त्याचं अक्षर मोत्यासारखं म्हणालो खरं, पण तो बारा वर्षांचा होईपर्यंत पाटी बघून रडायचा. आम्ही त्याला रडका म्हणायचो. आज त्याला फोन करतो.

फळा_खडू | शुक्रवार, रात्री ८.२०

केतकीताई, उद्या शाळेत एवढंच मागा. बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजारच्याच्या कोपराला कोपर लागत नाही. वही शरीराच्या थोडी डावीकडे आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तिरकी. पेन्सिल टोकापासून इंचभर वर धरू द्या, नाहीतर हात लिहिलेल्यावरूनच फिरतो आणि त्याला आपलंच अक्षर दिसत नाही. उजवा माणूस पेन्सिल ओढत नेतो, डावखुऱ्याला ती ढकलावी लागते, दाब त्यामुळेही वाढतो. मऊ शिशाची पेन्सिल द्या. उलट्या अक्षरांची काळजी सात वर्षांपर्यंत नको. आणि मीटिंग कशीही झाली तरी एकदा डोळे तपासून घ्या.

गणिताची_मावशी | शुक्रवार, रात्री ९.००

अबॅकस दोन्ही हातांनी करतात, डावखुऱ्यांनाही जमतं.

केतकी_न | रविवार, सकाळी १०.३०

काल जाऊन आले. टीचर चिडल्या नाहीत. वर्गात बेचाळीस मुलं आहेत, त्या म्हणाल्या, उजव्याची सवय लागली की त्यालाच सोपं जाईल असं वाटलं होतं. डाव्या टोकाला बसवणार आहेत. पहिलीचं एप्रिलमध्ये बघू म्हणाल्या, म्हणजे ते अजून अधांतरीच. पाण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, वर्गात करून बघू का?

सासूबाई सुरुवातीला गप्प होत्या. विधी, तुमचं प्रसादाचं वाक्य तसंच्या तसं सांगितलं. आज सकाळी त्यांनीच त्याच्यासमोर रांगोळीचा डबा ठेवला. त्याने डाव्या चिमटीने रेघ ओढली, मोडकी, पण लांबलचक. मग 'न' काढला, उलटा. मी बघत राहिले फक्त.

एकच शंका. अक्षराच्या डोक्यावरची रेघ तो आज उजवीकडून डावीकडे ओढत होता. थांबवू का? आणि ती आधी द्यायची की नंतर?

फळा_खडू | रविवार, सकाळी ११.०५

नंतर. आधी अक्षर, शब्द पुरा झाला की रेघ. उजवीकडून ओढतोय तर ओढू द्या, त्याच्या हाताला ती बाजू सोपी आहे.

चिंचगूळ | रविवार, सकाळी ११.२०

कुरणवाट, भाजून केली. वास गेला. आभार.