शब्दचर्चा: स्वमग्नता ‘आहे’ की ‘झाली आहे’?

पाटीपुस्तक: ऑटिझमचं (मराठीत स्वमग्नता) निदान झालेल्या सात वर्षांच्या मुलासाठी आणि त्याच्या धाकट्या बहिणीसाठी दोन पानी पत्रक मराठीत करायचं आहे. पहिल्याच वाक्यात अडले. ‘दादाला स्वमग्नता झाली आहे’ की ‘दादा स्वमग्न आहे’?

रेघोटी: ‘झाली’ नकोच. कावीळ होते, गोवर होतो आणि मग बराही होतो. बहिणीचे पुढचे प्रश्न ठरलेले: बरा कधी होणार, आणि मला होईल का? त्याआधीच लिहा: जन्मापासून आहे, सर्दीसारखं लागत नाही, तू काही केल्यामुळे आलेलं नाही. तिसरं वाक्य मोठ्यांना अनावश्यक वाटतं, पण भांडणानंतर लगेच दादाला डॉक्टरांकडे नेलं तर लहान मूल दोन्हींचा संबंध जोडतं.

ऱ्हस्वदीर्घ: मुळात ‘स्वमग्न’च चुकीचा. मराठीत स्वमग्न म्हणजे आपल्याच तंद्रीत असलेला, कवींना म्हणतात. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’, त्याचं हे सरळसोट भाषांतर. आणि मूळ शब्द मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलरचा, स्किझोफ्रेनियाच्या संदर्भातला! मुलांमधल्या ऑटिझमवरचा कॅनरचा निबंध १९४३चा, म्हणजे बराच नंतरचा.

रेघोटी: व्युत्पत्ती मान्य, पण शब्द रुळलाय. मुलाला दोन्ही सांगा. शाळेत ऑटिझम ऐकेल, कागदावर स्वमग्नता वाचेल.

पाटीपुस्तक: मूळ पत्रकात ‘मेंदूची वायरिंग वेगळी’ असं आहे. ठेवू?

खडूफळा: काढा. बोललेलं शब्दशः घेणारं मूल असेल तर ‘डोक्यात वायर आहे, शॉक बसेल का?’ इथे अडकेल. आधी त्याच्या ओळखीच्या दोन-तीन गोष्टी: मिक्सरचा आवाज सहन होत नाही, शर्टाचं लेबल टोचतं, गाड्यांचे नंबर पाठ राहतात. मग नाव. शक्तिस्थळ एक तरी हवंच, नाहीतर ती नुसती तक्रारींची यादी होते. वेळ शांत निवडा, पाच-दहा मिनिटं पुरे. रडारडीनंतर लगेच सांगितलं तर ते नाव शिक्षेसारखं वाटतं. आधी त्याला, मग बहिणीला. तिच्या तोंडून त्याला कळू नये. कागद त्याच्याजवळच राहू द्या, प्रश्न चार दिवसांनीही येतात.

ऱ्हस्वदीर्घ: ‘मेल्टडाऊन’ला, म्हणजे आवाज-गोंधळ असह्य होऊन मुलाचा ताबा सुटतो त्याला, काय लिहिणार? आकांडतांडव हा चांगला मराठी शब्द आहे.

खडूफळा: चांगला, पण इथे उलटा. आकांडतांडव, थयथयाट, हट्ट या सगळ्यांत ‘मुद्दाम’ दडलेलं आहे. बहीण म्हणेल, मी हट्ट केला की ओरडा, त्याने केला की नाही. ‘त्याला सगळं असह्य होतं’ लिहा आणि तिने काय करायचं ते सांगा: टीव्ही बंद कर, हात लावू नकोस, मोठ्यांना बोलाव, लांब थांब. ‘तू समजूतदार हो’ मात्र नको. ते काम पाच वर्षांच्या मुलीचं नाही.

रेघोटी: ‘उद्रेक’?

ऱ्हस्वदीर्घ: ज्वालामुखीचा! त्यापेक्षा ‘मेल्टडाऊन’ परवडला, आणि हे मी म्हणतोय.

खडूफळा: आणखी एक. ‘निदान’ही काढा. मुलांना तो ‘निदान एक घास तरी खा’ एवढाच माहीत असतो. ‘डॉक्टरांना कळलं’ लिहा.

ऱ्हस्वदीर्घ: आयुर्वेदातल्या निदानपंचकात, म्हणजे रोग ओळखण्याच्या पाच साधनांत, तर निदान म्हणजे कारण! रोग ओळखणं हा त्याचा पुढचा अर्थ. मग ‘निदान एक घास’मधला ‘किमान’ कुठून आला?

रेघोटी: ‘शेवट’ हाही एक अर्थ आहे ना? ‘शेवटी एवढं तरी’ असं होत होत ‘किमान’.

ऱ्हस्वदीर्घ: ओढूनताणून वाटतं. जुन्या मराठीतला दाखला द्या, मग बोलू.