देर अल-मदिनाचे कारागीर आणि त्यांचा संप

पुष्कळ लोक म्हणतात की इजिप्तच्या राजांची थडगी गुलामांना राबवून केली, पण राजांच्या दरीतली थडगी खोदणारे लोक गुलाम नव्हते हो, पगारी कारागीर होते. लक्सर शहरासमोर नाईल नदीच्या पश्चिमेला देर अल-मदिना हे त्यांचं गाव, तिथे खापरांवर आणि चुनखडीच्या तुकड्यांवर लिहिलेल्या हजारो नोंदी सापडल्यात, आणि मला तरी राजांच्या सोन्यापेक्षा हे तुकडेच मोलाचे वाटतात. दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीतल्या ४०व्या वर्षाचं चक्क हजेरीपत्रक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात कोण का आला नाही ते लिहिलंय, कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे दुखतायत, कुणी घरी बिअर बनवतोय, बायकोची किंवा मुलीची पाळी हेही कारण चालायचं! आठवडा १० दिवसांचा, पगार धान्यात, गहू आणि जव. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या आसपास, हे धान्य थकलं तेव्हा लोकांनी काम टाकलं आणि आम्ही उपाशी आहोत म्हणत देवळांपाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला सगळ्यात जुना संप हाच मानतात, त्याची नोंद असलेला पपायरस (पाणवनस्पतीपासून केलेला जुना कागद) इटलीत तुरिनला जपून ठेवलाय.